जरा गाडी थांबव रे

दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे होतात, हवेत गारवा येतो, आणि माझ्या दवाखान्यात एक प्रश्न दर हिवाळ्यात ठरल्यासारखा येतो. विचारणारा बहुधा पन्नाशीच्या आसपासचा मुलगा असतो. वडील बाहेरच्या बाकावर बसलेले असतात. मुलगा आत येतो, दार किंचित लोटून घेतो आणि हळू आवाजात म्हणतो, “डॉक्टर, बाबांना दोन दिवस कोकणात नेऊन आणू का? आई गेल्यापासून घराबाहेरच पडलेले नाहीत. झेपेल ना त्यांना?”

“अवश्य न्या,” असेच मी बहुतेकांना सांगतो. पण त्याआधी वडिलांना आत बोलावून घेतो. प्रश्न ज्यांच्याविषयी आहे, त्यांना बाकावर बसवून उत्तर द्यायचे नाही, हा माझा नियम मला वैद्यकाच्या पुस्तकाने शिकवलेला नाही. तो मला माझ्या वडिलांबरोबर केलेल्या एका सहलीने शिकवला. त्या सहलीत माझी जी चूक झाली, ती आपल्यापैकी कित्येक घरांत होत असेल, असे मला वाटते. म्हणून आज ती सविस्तर सांगतो.

अण्णा तेव्हा 79 वर्षांचे होते. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. मोजमापाला पक्के, बोलायला मोजके. आई जाऊन दीड वर्ष झाले होते. माझी पत्नी एका कार्यासाठी माहेरी गेली होती, मला तीन दिवसांची सवड होती, आणि आम्ही दोघेच असे कधी कुठे गेलोच नव्हतो. मी दिवेआगर निवडले. पुण्याहून ताम्हिणी घाटाने सुमारे 160 किलोमीटर. किनारा लांब, सपाट, वाळूचा. तेथून जवळच असलेल्या हरिहरेश्वरचा प्रदक्षिणेचा मार्ग सुंदर खरा, परंतु त्यात खडकातल्या पायऱ्या आहेत आणि भरतीच्या वेळी तो धोक्याचा होतो. तो मी विचारपूर्वक वगळला. फोन करून खोली तळमजल्यावर आहे ना, शौचालयात उंच बैठकीची सोय आहे ना, हेही विचारून घेतले. औषधांची सात कप्प्यांची डबी माझ्या हाताने भरली. रक्तदाबाचे यंत्र बरोबर घेतले. तयारीत काही उणे राहिले नाही, असे मला वाटत होते.

सकाळी साडेसहाला निघायचे, असे मी ठरवले. ‘मी ठरवले’ हे शब्द कृपया लक्षात ठेवा.

मुळशीच्या पुढे मी पाण्याची बाटली पुढे केली. अण्णा म्हणाले, “आत्ताच प्यायलो.” घाटाच्या सुरुवातीला मी विचारले, “थांबायचं का कुठे?” ते म्हणाले, “कशाला? चाललंय की छान.” निजामपूरला पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर. माणगावला मी एकटाच उतरून चहा घेतला, ते गाडीतच बसून राहिले. चार तासांच्या आत आम्ही पोहोचलो, आणि या वयातही वडील एका बैठकीत एवढा प्रवास करतात, याचा मला चक्क अभिमान वाटला. दिवसाकाठी तीस-चाळीस रुग्णांना “लघवीला किती वेळा जावे लागते?” असे विनासंकोच विचारणारा मी, शेजारच्या आसनावरच्या माणसाला तेवढे विचारायला विसरलो होतो.

दुपारी यजमानांच्या घरी वालाचे बिरडे, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि उकडीचे मोदक होते. अण्णांनी मोदक दोन घेतले, सोलकढी अर्धी वाटी, पाणी दोन घोट. संध्याकाळी सुवर्णगणेशाचे दर्शन घेतले. 1997 मध्ये सुपारीच्या वाडीत सापडलेला, 2012 मध्ये चोरीस गेलेला आणि 2021 मध्ये पुन्हा घडवून बसवलेला हा मुखवटा. तेथून सुरूच्या झाडांमधून किनाऱ्यावर गेलो. पौर्णिमा होती. कोरड्या वाळूचा पट्टा ओलांडताना अण्णा तीनदा थांबले. “सूर्य बघतोय,” म्हणाले. मी छायाचित्रे काढत होतो. त्यांतले एक छायाचित्र मी नंतर नीट पाहिले. त्यात अण्णांचे ओठ कोरडे पडलेले आहेत आणि एका हाताने त्यांनी सुरूचा बुंधा घट्ट धरलेला आहे. समोर दिसत होते ते मला छायाचित्रात दिसले, हे लिहिताना आजही बरे वाटत नाही.

पहाटे तीनच्या सुमारास मला जाग आली. शेजारची खाट रिकामी होती. न्हाणीघर खोलीला लागूनच होते, पण जुन्या घरांत असते तसे एक पायरी खाली. फोनवर मी बैठकीची उंची विचारली होती, पायरीचे विचारले नव्हते. अण्णा त्या पायरीखाली, भिंतीला टेकून, अंधारात जमिनीवर बसलेले होते. दिव्याचे बटण कोणत्या बाजूला आहे, ते त्यांना आठवले नव्हते.

“हाक का नाही मारलीत, अण्णा?”

“तू झोपला होतास.”

अर्धा तास ते तसेच बसून होते. कोपराची कातडी सोलवटली होती, खुब्यावर मार बसला होता; परंतु पायावर भार घेता येत होता आणि डोक्याला लागलेले नव्हते. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. रक्त पातळ करण्याची औषधे चालू असणाऱ्या वृद्धाच्या डोक्याला मार बसला, तर तो कितीही किरकोळ वाटला तरी थांबू नये. त्याच वेळी रुग्णालयात न्यावे. अण्णांना ती औषधे नव्हती. मी त्यांना खाटेवर बसवून रक्तदाब मोजला: वरचा आकडा 118. दोन मिनिटे उभे करून पुन्हा मोजला: 92. उभे राहिल्यावर वरच्या आकड्यात 20 किंवा त्याहून अधिक घट होणे, हे वृद्धांच्या पडण्याचे नेहमीचे कारण असते, आणि कोणत्याही घरात यंत्र असेल तर ते दोन मिनिटांत समजू शकते. बसल्या जागी मोजलेला रक्तदाब चांगला म्हणून आपण निश्चिंत असतो आणि माणूस पडतो तो उभा राहताना.

उरलेली रात्र दिवा लावून काढली. त्यांनी मी दिलेले पाणी मुकाट्याने घोट घोट प्यायले.

सकाळी अंगणात तुळशीपाशी खुर्च्या टाकून बसलो. यजमानीणबाईंनी चहा आणून ठेवला. बराच वेळ गेल्यावर अण्णा आपण होऊन म्हणाले, “सकाळची गोळी मी संध्याकाळी घेतली.”

त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांत एक लघवीचे प्रमाण वाढवणारी होती. ती सकाळी घेतली की पुढचे काही तास वारंवार जावे लागते. शिवाय प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली. ‘आली’ म्हटल्यावर थांबवता येत नाही. म्हणून अण्णांनी आदल्या रात्रीपासून पाणी कमी केले आणि निघताना ती गोळी खिशात ठेवली. पोहोचल्यावर तरी घ्यायची, पण संध्याकाळी देऊळ, किनारा होते. शेवटी खोलीवर परतल्यावर, आता कुठे जायचे नाही अशी खात्री करून, साडेसहाला ती घेतली. परिणाम उघड होता. दिवसभर कोरडे पडलेले शरीर, त्यात रात्री चार वेळा उठणे. झोपताना प्रोस्टेटसाठी घ्यायची गोळीही अशी, की तिने उठून उभे राहिल्यावर रक्तदाब उतरू शकतो. आणि अनोळखी खोलीतली पायरी. एकेक दुवा मला तोंडपाठ होता. वर्गात विचारला असता तर मी सांगितला असता.

“मग सांगायचं ना, अण्णा. मी थांबवली असती गाडी.”

ते कपातल्या चहाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “सांगायची सवय नाही रे. तुझी आई सांगायची.”

मला प्रथम अर्थ लागला नाही. आई तर स्वतःसाठी थांबवायची. मी गाडी घेतल्यापासूनची गोष्ट, आम्ही कुठेही निघालो की दर तासाभराने मागच्या आसनावरून तिचा आवाज येई, “जरा गाडी थांबव रे, माझे पाय आखडलेत.” कधी चहा हवा असे, कधी रस्त्याकडेची काकडी. आम्ही भावंडे तिची थट्टा करायचो, की आईचे इंजिन दर वीस किलोमीटरला तापते. ती हसायची. गाडी थांबली की दाराशी उभी राहायची, फार तर पदर नीट करायची. कुठे जायची नाही. जायचे ते अण्णा. हात पाठीमागे बांधून, काही घाई नसल्यासारखे, सावकाश. दहा-बारा वर्षे हे आमच्या डोळ्यांसमोर चालले होते.

वाचकहो, जोडीदार गेल्यावर घरातून काय काय जाते, याची यादी आपण करतो. स्वयंपाक, सोबत, औषधांची आठवण. पण एकमेकांच्या वतीने बोलणेही जाते, आणि ते गेल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. कारण ते होते हेच ठाऊक नसते.

त्या दिवशी आम्ही कुठेही गेलो नाही. दर तासाला थोडे थोडे पाणी, जीवनरक्षक क्षार घातलेले, लिंबाचे सरबत. लघवीची गोळी त्या दिवशी मी दिली नाही. पण हा निर्णय आपण स्वतःच्या मनाने घेऊ नये, आपल्या डॉक्टरांना फोन करावा. हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्यांना पाणीही मोजून सांगितलेले असते. त्यांनी तर विचारल्याशिवाय प्रमाण बदलू नये. दुपारपर्यंत अण्णांची जीभ ओली झाली, लघवीचा गडद रंग निवळला. वृद्धांच्या बाबतीत हीच लक्षणे पाहावीत. कातडी चिमटीत धरून पाहण्याची रीत उतारवयात फसवी ठरते, कारण कातडी एरवीही सैल पडलेलीच असते. आणि “तहान लागली की पितील” यावर तर मुळीच विसंबू नये. वयानुसार तहानेची जाणीवच मंदावते.

दुपारनंतर यजमान आम्हांला घरामागच्या वाडीत घेऊन गेले. अण्णांसाठी खुर्ची नेली. यजमान सत्तरीचे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातल्या नारळी-पोफळी कशा आडव्या झाल्या, हे ते हाताने दाखवून सांगत होते. त्यांनी पोफळी पुन्हा लावल्या होत्या. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षे तरी लागतात. अण्णांनी ऐकून घेतले. पण त्यांचे लक्ष पाण्याच्या पाटाकडे होते. एका कोपऱ्यातल्या रोपांना पाणी पोहोचत नव्हते, आणि यजमान त्याचा दोष पंपाला देत होते.

“पंपाचं काही नाही,” अण्णा म्हणाले. “पाटाचा उतार उलटा पडलाय. पारदर्शक नळी आहे का घरात?”

नळी मिळाली. तिच्यात पाणी भरून, हवेचा बुडबुडा राहू न देता, दोन टोके दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडचे पाणी एका पातळीला येते. गवंडी आजही पातळी अशीच काढतात. अण्णा खुर्चीत बसून सांगत होते आणि एक टोक धरून मी वाकलेला होतो. “वर घे. अजून. हलवू नकोस. अरे, हलवू नकोस म्हटलं ना!” एवढ्या वर्षांनी त्यांनी मला दरडावले. पाट एका जागी सुमारे चार बोटे वर आलेला निघाला. यजमानांनी कुदळ आणली. संध्याकाळी त्या कोपऱ्यात पाणी पोहोचले. अण्णांनी त्या अवधीत दोन पेले पाणी मागून घेतले आणि दोनदा, कोणालाही काही न सांगता, उठून जाऊन आले. काठी टेकत, पण ताठ.

मला वाटते, पहाटे न्हाणीघरात बसलेल्या माणसाला त्या दिवशी पाण्याइतकीच त्या नळीची गरज होती. मी वैद्य म्हणून हे लिहून देऊ शकत नाही. मुलगा म्हणून लिहितो आहे.

समुद्र राहिलाच होता. रात्री जेवताना यजमानांनी कोकणातला जुना हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ साधारण मिळते, आणि तीत सहा तास मिळवले की ओहोटी. दुसऱ्या दिवशी वद्य द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दीड वाजता भरती, आणि साडेसात-पावणेआठला ओहोटी. अण्णांनी ते वहीत लिहून घेतले आणि सकाळी पावणेआठला घड्याळ घेऊन पडताळूनही पाहिले. पाणी खरोखरच लांब गेलेले होते.

ओहोटीची वेळ साधण्यात आरोग्याचाही मोठा फायदा आहे. कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालायला टणक जमिनीच्या तुलनेत दुपटीहून अधिक ऊर्जा लागते. पाऊल रुतते, घोटा वळतो, तोल सांभाळताना गुडघ्यांवर ताण येतो. ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू मात्र जवळजवळ रस्त्यासारखी टणक असते. म्हणून कोरड्या पट्ट्यात कमीत कमी चालायला लागेल अशी वाट शोधावी, वाटेत टेकायला एक घडीची खुर्ची न्यावी, आणि फिरणे ओल्या वाळूवर ठेवावे. पायांत मागून पट्टा असलेली वहाण असावी. ज्यांना मधुमेहामुळे तळव्यांना नीट जाणवत नाही, त्यांनी अनवाणी चालण्याचा मोह टाळावा. शिंपल्याची धार किंवा दुपारची तापलेली वाळू त्यांना कळतच नाही. परतल्यावर त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. पाण्यात उभे राहायचेच असेल, तर घोट्यापर्यंत, लाट संपते तेथे. समुद्राकडे पाठ करून छायाचित्रासाठी उभे राहू नये. परतणारी लाट पायांखालची वाळू ओढून नेते, आणि वाहत्या पाण्याकडे टक लावून पाहिले तर धडधाकट माणसालाही आपणच सरकत आहोत असा भास होतो. वृद्धांचा तोल तेवढ्यानेही जातो. नजर क्षितिजाकडे ठेवावी.

आणि हात कसा धरायचा, तेही सांगतो. वृद्ध आईवडिलांना नेताना आपण त्यांचा दंड पकडतो. त्यामुळे त्यांचा तोल आपल्या हातात जातो. आपण ओढतो, ते ओढले जातात. अण्णांनी पहिल्या संध्याकाळी माझा हात झटकला होता, त्याचे कारण हेच. त्याऐवजी आपण अर्धे पाऊल पुढे राहून आपला वाकवलेला कोपर त्यांच्या हाताशी द्यावा. त्यांना हवा तेव्हा ते धरतील, नको तेव्हा सोडतील. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तसे केले. अण्णा पाऊण तास चालले. अधूनमधून कोपर धरत होते, सोडत होते. आम्ही फारसे बोललो नाही. एकदा त्यांनी विचारले, “तुला आठवतं का, आई काकडी घ्यायची?” मी हो म्हणालो. “तिला काकडी आवडायची नाही,” ते म्हणाले.

आता काही सूचना. पहिल्या मुलांसाठी, सुनांसाठी, लेकींसाठी, नंतरच्या वडीलधाऱ्यांसाठी.

“थांबायचं का?” असे विचारू नका. या प्रश्नाचे उत्तर वडिलांच्या पिढीत ‘नको’ हेच आहे. दर सव्वा-दीड तासाने गाडी थांबवा आणि स्वतः उतरा. कारण आपले सांगा, जसे आई सांगायची. उतरण्याने पायांतले रक्ताभिसरणही सुधारते, सूजही कमी येते. निघण्याची वेळ त्यांच्या गोळीच्या वेळेला धरून ठरवा. कित्येकदा सकाळी गोळी घेऊन, तिचा भर ओसरल्यावर, दहा-अकराला निघणे हा साधा उपाय पुरतो. तसे जमत नसेल तर प्रवासाच्या दिवशी गोळीची वेळ बदलता येईल का, हे निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. ती संध्याकाळी उशिरा मात्र घेऊ नये. गाडी लागू नये म्हणून मिळणाऱ्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणून देऊ नका. त्यांतल्या काहींनी वृद्धांना गुंगी येते, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडते, क्वचित भ्रमही होतो.

मुक्कामाच्या खोलीत शिरल्यावर सामान लावण्याआधी एक काम करा. खाटेपासून शौचालयापर्यंत दोघांनी मिळून एकदा चालून या. उंबरा, पायरी, बटण, कडी, ओली फरशी पाहून घ्या. रात्री लहान दिवा चालू ठेवा. दाराला आतून कडी लावू नये, असे आधीच ठरवा. खाटेजवळ लघवीचे भांडे ठेवायला संकोच कसला? रुग्णालयात आपण ते निमूटपणे वापरतो. आणि ते पिशवीत घालून नेण्याचे काम मुलाने करावे, वडिलांना मागायला लावू नये.

वडीलधाऱ्या वाचकांनो, आपल्याला माझे सांगणे थोडे कडक वाटेल. प्रवासाच्या आदल्या दिवशी पाणी तोडून आपण मुलांचा त्रास वाचवत नाही. आपण तो रात्री तीन वाजेपर्यंत पुढे ढकलतो, एवढेच. खाटेवरून उठताना आधी कडेला दोन मिनिटे बसा, पाय हलवा, मग उभे राहा. पुरुषांनी रात्री बसूनच लघवी करावी. उभ्याने करताना रक्तदाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते. आणि पडलात, तर झोपलेल्याला उठवा. आपण त्यांना लहानपणी किती रात्री जागून सांभाळले, हे त्यांना ठाऊक आहे. नसेल तर या निमित्ताने कळेल. वारंवार लघवीला होणे, थेंब गळणे, घाई होणे ही वयाची शिक्षा म्हणून सोसण्याची गोष्ट नाही. तपासणी होते, उपचार असतात. सांगितले तर.

स्त्रियांची अडचण याहून मोठी आहे. अण्णांना निदान झाडाचा आडोसा चालला असता; आपल्या रस्त्यांवर स्वच्छ आणि उंच बैठकीची सोय शोधताना सासूबाईंना, आईला घेऊन जाणाऱ्यांची जी परवड होते, तिच्यावर स्वतंत्रपणे लिहीन.

परतताना आम्ही दुपारी अकराला निघालो आणि घरी पोहोचायला साडेसहा तास लागले. पहिल्या दोन थांब्यांना मीच चहाचे निमित्त काढले. तिसऱ्या वेळी, घाट चढण्यापूर्वी, अण्णा समोर पाहत म्हणाले, “जरा थांबव.” कारण काही सांगितले नाही. मीही विचारले नाही.

घरी आल्यावर चार दिवसांनी त्यांनी वहीतले एक पान फाडून माझ्या टेबलावर ठेवले. ओव्हरसियरच्या त्या सुबक अक्षरात, समास आखून, दिवेआगरपासून पुण्यापर्यंतचे आमचे सगळे थांबे क्रमाने लिहिलेले होते. प्रत्येकासमोर गाडीच्या मीटरवरचा आकडा, आणि त्यापुढे शेरा.

बोर्ली पंचतन: सोय आहे, पायऱ्या तीन, कठडा नाही.
माणगाव: सोय बरी, पाणी आहे, चहा कडू.
निजामपूरच्या पुढे: उंच बैठक, कडी मोडकी, कोणीतरी बाहेर उभे राहावे.
घाट, चढ लागण्यापूर्वी: सोय नाही. जांभळाचे झाड आहे.
मुळशी: सोय उत्तम.
पौड: थांबण्याची गरज नव्हती. तुझ्यासाठी थांबलो.